पोर्चखालचे चार फवारे

केलर बे
११ जानेवारी १९९९

रॉली,

तुझा पत्ता ग्लॅडिस मावशीने दिला. देताना म्हणाली, "माझ्या पोराला लिहायचं असेल तर आत्ता लिही, मी मेल्यावर चर्चमध्ये येऊन त्याची चौकशी करू नकोस." तिची जीभ अजून तशीच आहे, गुडघे तेवढे गेलेत.

टॅमरॅक कोर्टच्या इमारतीला आग लागली त्याला सव्वादोन वर्षं होत आली. एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही, खटल्यालाही आले नाही. कारणं सांगत बसत नाही. लहानपणी तुझे वडील कमरेचा पट्टा काढायचे तेव्हा तू पळत येऊन आमच्या तळघरात लपायचास आणि मी तुला वर कुणाला कळू न देता दूध आणून द्यायचे. त्या नात्याने लिहिते आहे.

मी अजून गावच्या अग्निशमन खात्यातच आहे. नव्या इमारतींचे नकाशे तपासायचे, पाण्याचे फवारे कुठे हवेत, दुसरा जिना कुठे हवा ते बघायचं आणि शिक्का मारायचा. सरोवर पार गोठलंय. परवा दोन शहाणे बर्फावर ट्रक घेऊन गेले. एकाला बाहेर काढला, दुसरा सापडायचाय.

तू कसा आहेस? जेवण बरं असतं का? हात अजून तसाच चालतो का?

एक विचारायचं होतं. त्या दिवशी पोर्चमधला सोफा पेटला तेव्हा तिथे आणखी काय काय ठेवलेलं होतं, तुला आठवतं का?

मार्लिस


राज्य तुरुंग
२४ जानेवारी १९९९

मार्लिस,

पानभर माया आणि शेवटी शेपटाला सोफा! मला वाटलं खरंच आठवण आली. तरी पत्र तीनदा वाचलं. इथे रविवारी येतं ते फक्त पाद्र्याचं.

हे तुझ्याआधी इथला एक साहेब वाचणार आहे. नमस्कार साहेब.

जेवणाचं म्हणशील तर कुत्रं खाईल, पण विचार करून. हाताचं म्हणशील तर गेल्या महिन्यात एकाने माझ्या ताटातला पाव उचलला. मी त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोन दात ताटात पडले आणि पाव परत आला. पंधरा दिवस एकटं कोंडलं मला. बापाचा हात आहे, दुसरं काय. तो पट्टा काढायचा, माझ्याकडे पट्टा नाही एवढाच फरक.

आगीचं कोर्टात सांगितलं तेच सांगतो. शनिवारची दुपार, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, गावातले सगळे बाप्ये जंगलात. मी जोलीनला घरी न्यायला गेलो. घटस्फोटाचा कागद काहीही म्हणो, बायको माझी आहे. तिने वरून दार उघडायचं बटण दाबलं नाही. मी दाराला लाथा घातल्या. तळमजल्यावरचा तो म्हातारा पोस्टमन, ब्रुफ्लाट, बाहेर येऊन मला शहाणपण शिकवायला लागला. मी त्याला एक ठेवून दिली. तो आत गेला. मी सोफ्यावर बसून सिगरेट ओढली, ती कुठे पडली कळलं नाही, मी निघून गेलो. दोन माणसं मेली, मला अठरा वर्षं. अपील टाकलंय. वकील म्हणतो, निव्वळ अपघात धरला तर दोन वर्षांत बाहेर.

आता तू सांग. सोफ्याशी तुझं काय काम?

रॉली


केलर बे
२ फेब्रुवारी १९९९

रॉली,

पकडलंस. सरळच सांगते.

गावच्या कौन्सिलपुढे मी एक नियम मांडला आहे. अपार्टमेंटच्या दारावर लाकडी छत असेल आणि ते चार फुटांपेक्षा रुंद असेल, तर त्याखाली फवारे बसवलेच पाहिजेत. नव्या इमारतींना आणि जुन्यांनाही. टॅमरॅक कोर्टचं पोर्च तू पाहिलंयस. म्हाताऱ्यांना गाडीतून कोरडं उतरता यावं म्हणून हॉटेलासारखं बांधलेलं, वीस फूट लांब, सोळा रुंद, वर पाइनच्या फळ्या. आत जिन्यात फवारे होते, खोल्यांत होते, पोर्चखाली एकही नव्हता. फळ्या पेटल्या, त्यांच्यावरून आग छपराखालच्या पोकळीत शिरली आणि अकराव्या मिनिटाला वरचा मजला गेला. माणसं रोज ज्या दाराने येतात त्याच दाराकडे धावतात, रॉली. मागे दुसरा जिना होता. तरी दोघं पुढच्या दाराशी मेली.

बिल्डर वॉलेस ग्रिंडाल म्हणतो, आगीत पेट्रोल ओतलेलं होतं, त्यापुढे फवारे काय करणार? केअरटेकर बर्फ काढायच्या यंत्रासाठी पेट्रोलचा डबा पोर्चच्या भिंतीशी ठेवायचा. तो रिकामा सापडला. उष्णतेने फुगून सांडला की कुणी ओतला, हे कोर्टात ठरलं नाही.

पेट्रोलला हात लावला नाही, एवढं तू शपथेवर लिहून दे. त्यांचं तोंड बंद होईल. तुझ्या अपिलालाही ते बरंच.

सुनावणी मार्चमध्ये आहे.

मार्लिस


राज्य तुरुंग
२० फेब्रुवारी १९९९

मार्लिस,

सोबत कागद जोडलाय. शपथेच्या कागदांवर शिक्का मारणारी इथली बाई आहे, तिचा शिक्का आहे त्यावर. "मी पेट्रोलला हात लावला नाही, सिगरेट चुकून पडली." घे, दाखव तुझ्या कौन्सिलला. ग्रिंडालला सांग, बाहेर आल्यावर त्याचे गुडघे मी फोडीन. साहेब, ही थट्टा आहे.

आता माझं काम. मला जोलीनचा पत्ता हवाय. आई सांगत नाही. माझी बहीण फोन ठेवते. जोलीन दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी मारून वाचली, कमरेचं हाड मोडलं, तेवढं मला माहीत आहे. आता कुठे राहते, कुणाबरोबर राहते ते सांग. मी तिला काही करणार नाही. फक्त पत्र लिहायचंय.

तू मला दूध आणून द्यायचीस. आता हे आण.

रॉली


केलर बे
१ मार्च १९९९

रॉली,

जोलीनचा पत्ता मला माहीत आहे. तो तुला मिळणार नाही.

तुझं लग्न झालं त्या वर्षी नाताळात तिने लांब बाह्यांचा झगा घातला होता. मी तिला तापलेल्या स्वयंपाकघरात विचारलं, "उकडत नाही का गं?" तिने बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत हिरवं-निळं होतं. म्हणाली, "आता उकडतं. उद्या सुजेल." मी तिला बर्फ दिला आणि बाहेर येऊन तुझ्याच शेजारी जेवायला बसले. एक शब्द बोलले नाही. पुन्हा तसं होणार नाही.

कागद मिळाला. त्याबद्दल आभार. कौन्सिलचे अध्यक्ष आइड आजारी आहेत, सुनावणी मे महिन्यात गेली.

मार्लिस


राज्य तुरुंग
१८ एप्रिल १९९९

शिक्केवाल्या बाईसाहेबांना,

काल माझ्याकडे पाहुणा आला होता. मिनिआपोलिसचा वकील, चकचकीत बूट, ग्रिंडालचा माणूस. म्हणाला, "तुमच्या मावसबहिणीने तुम्हाला सगळं सांगितलंय ना?" मी म्हटलं, सगळं म्हणजे काय? त्याने बॅगेतून नकाशा काढून आमच्या मधल्या काचेला लावला. टॅमरॅक कोर्ट, १९९३. पोर्चच्या छताखाली चार बारीक गोल काढलेले. चारही गोलांवर लाल पेन्सिलीने काट मारलेली. शेजारी दोन अक्षरं, मा. ऑ. आणि खाली तुझा शिक्का.

मार्लिस ऑस्बी. फवारे नकाशात होते. ते तू काढून टाकलेस.

मी काच फोडायला बघितली. खुर्ची उचलून मारली, तिला ओरखडासुद्धा आला नाही. मग चौघांनी मला खाली पाडलं, एकाने मानेवर गुडघा दिला, बरगडी मोडली. हसतानाही दुखतं. आणि हसू येतंच आहे. मी इथे अठरा वर्षं आणि तू तिथे नियम मांडतेस! माझ्याकडून शपथेचा कागद घेतेस! मला जोलीनच्या बाह्या दाखवतेस!

आता तू लिही. सगळं. नाहीतर तो कागद मी परत मागवतो.

रॉली


केलर बे
२७ एप्रिल १९९९

रॉली,

तो नकाशा खरा आहे. काट माझी आहे.

१९९३च्या ऑक्टोबरात ग्रिंडाल माझ्या टेबलाशी आला. त्याच्याच माणसाने काढलेले ते चार फवारे त्याला नको होते. म्हणाला, "मार्लिस, पोर्च तिन्ही बाजूंनी उघडं आहे. धूर कोंडणार कुठे? आणि आपल्याकडच्या थंडीत पाइप गोठून फुटला की म्हातारे घसरून पडतील. मग तूच येशील ओरडत." मी म्हटलं, उघड्यावर कोरडे पाइप वापरतात, पाणी आतल्या गरम भिंतीशी थांबतं आणि आग लागली की बाहेर धावतं, गोठायचा प्रश्न येत नाही. तो म्हणाला, "मग भिंतीतून नवी वाट काढा, नवा नकाशा, म्हणजे महिना गेला. बर्फ पडायच्या आत छप्पर चढायला हवं." आमचे मुख्य अधिकारी दारातून म्हणाले, "अगं, गावातली पहिली मोठी इमारत आहे, अडवून ठेवू नकोस."

लाकडी छत, सोळा फूट. देशभर वापरतात तो चार फुटांचा नियम मला माहीत होता. त्या इमारतीला तो सक्तीचा आहे की नाही यात एक पळवाट होती, तीही माहीत होती. मी पेन्सिल उचलली. चार काटा मारायला चार सेकंद लागले असतील. त्या रात्री मला नीट झोप लागली, हेही सांगते.

आगीच्या दुसऱ्या दिवशी मी राखेत उभी होते. पोर्चच्या खांबांचे कोळसे झाले होते. आमच्या माणसांनी आदल्या दिवशी दाराशी पडलेली दोन प्रेतं उचलली होती, एक ब्रुफ्लाटचं आणि त्याच्याजवळच टेरेसा इबाराचं, हॉस्पिटलातली नर्स, एकोणतीस वर्षांची. तिच्या केसांतली क्लिप फरशीला वितळून चिकटली होती. मी ती सोडवायला बसले, ती निघाली नाही.

नियम मी म्हणून मांडला. आणि तुझा कागद मला हवा होता, कारण पेट्रोल असतं तर नियम पडला असता. माझी काटही बिनमहत्त्वाची ठरली असती, आणि तसं ठरावं असंही मला कधीकधी वाटायचं. तेही लिहून टाकते.

कागद परत हवा असेल तर सांग.

मार्लिस


राज्य तुरुंग
९ मे १९९९

मार्लिस,

आठवडाभर तुझं पत्र उशाखाली ठेवलं. तुला चार शिव्या लिहायच्या होत्या. लिहिल्या, फाडल्या. आता हे लिहितो. साहेब, चष्मा लावा, कामाचं आहे.

माझा कागद खोटा आहे.

चाकं काढायचा लोखंडी पाना गाडीतून घेऊनच मी दाराशी गेलो होतो. जोलीनने दार उघडलं नाही. ब्रुफ्लाट बाहेर आला, घरातल्या सपाता घालून. मी हाताने नाही मारलं, पान्याने मारलं. गालाचं हाड आत गेलं, आवाज आला. तो गुडघ्यावर बसला. मी त्याची कॉलर धरून त्याला दाराच्या आत ढकललं, दोन्ही पल्ले ओढले आणि पाना दोन्ही मुठींमधून आडवा घातला. कुणी बाहेर येऊ नये म्हणून. जोलीन येऊ नये म्हणून. नाहीच यायचं ना माझ्याबरोबर, मग कुठेच येऊ नकोस. असं मी मोठ्याने ओरडलो. तिने ते ऐकलं असेल.

पेट्रोल मी ओतलं. डबा उचलला तर जवळजवळ रिकामाच होता. तळाशी असेल कपभर, फार तर दोन कप. सोफ्यावर उलटा केला आणि लायटर लावला. सिगरेट वगैरे काही नाही.

सोफा लगेच धरला. काळा धूर वर जाऊन फळ्यांना लागून पसरायला लागला. मी गाडीकडे गेलो. किल्ली लावली, तेवढ्यात ती नर्स दिसली. दाराच्या काचेतून. ती म्हाताऱ्याला उठवत होती. मागे जिना होता, तिला माहीत असणार, ती तिथेच राहायची. पण त्याला सोडून जाईना. ती मुठीने काचेवर मारत होती. आत जाळी घातलेली काच, ती कसली फुटते. तिने मला पाहिलं. माझ्याकडे बघून मारत होती.

मी परत आलो. हे कोर्टात कुणाला माहीत नाही. पाना काढायला आलो. तोपर्यंत छत पेटलेलं नव्हतं, फळ्या नुसत्या घाम फुटल्यासारख्या चकाकत होत्या. मी हात पुढे केला, मूठ तापलेली होती, तळवा भाजला, मागे घेतला. एकदाच. दुसऱ्यांदा हात पुढे नाही केला. मग वरच्या फळ्या एकदम, सगळ्या एकदम पेटल्या आणि मी पळालो. पाना राखेतल्या लोखंडात मिसळला, कुणाला ओळखू आला नाही. किती मिनिटं झाली ते तू काढ. तुला येतं ते.

तुझे चार फवारे असते तर मूठ तापली नसती का? मला रोज हे वाटतं, तुझा शिक्का पाहिल्यापासून जास्तच वाटतं. पण फवारे नव्हते म्हणून पाना मी तिथे घातला, असं तर नाही ना.

अपील मागे घेतलं. वकील मला वेडा म्हणाला.

हे पत्र वाच किंवा जाळ. मला विचारू नकोस.

रॉली


केलर बे
३ जून १९९९

रॉली,

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे. उजवीकडचं गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. कसं ते सांगते.

सुनावणी गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी झाली. ग्रिंडालच्या वकिलाने नकाशाचा मोठा फोटो करून आणला होता. त्याने तो बॅगेतून काढायच्या आत मी उभी राहिले आणि म्हटलं, "ही काट माझी आहे." मग तुझं पत्र वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. पेट्रोलसुद्धा. कौन्सिलच्या अध्यक्षांनी, आइडनी, मध्ये एकदा "बाई, पाणी हवंय का?" विचारलं. मी नको म्हटलं, कारण थांबले असते तर पुढे वाचता आलं नसतं.

वकील खूश झाला. म्हणाला, "म्हणजे पेट्रोल होतंच! विषय संपला." मी म्हटलं, दोन कप. तो गाडीपर्यंत गेला, किल्ली लावली, परत आला, तरी छत पेटलं नव्हतं. ते अंतर मी आदल्या दिवशी चालून बघितलं, सव्वादोन मिनिटं. फवाऱ्याचं तोंड तेवढ्या उष्णतेत मिनिटाच्या आत फुटून पाणी सुटतं. दोघं वाचली असती, असं मी शपथेवर सांगणार नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण फळ्या ओल्या राहिल्या असत्या आणि आमची गाडी आठव्या मिनिटाला पोहोचली होती.

जोलीन मागच्या रांगेत बसली होती. ती येणार हे मला माहीत नव्हतं. मी बोलून खाली बसायला वळले तर ती काठी टेकत माझ्यापर्यंत आली होती. म्हणाली, "एकाच घरातले तुम्ही. एकाने दार लावलं, दुसरीने पाणी काढून घेतलं." आणि दोन्ही हातांनी काठी फिरवली. पहिला फटका हाडावर बसला, दुसरा कानावर. तिसरा आइडनी झेलला, त्यांची बोटं सुजली आहेत. ती ओरडत होती, "तिने मला पाहिलं होतं! बाह्या पाहिल्या होत्या!" पोलिसांनी विचारलं तक्रार आहे का. मी नाही म्हटलं.

मतदान पाच विरुद्ध दोन. नियम झाला. जुन्या इमारतींना दोन वर्षं मुदत.

पत्र वर्तमानपत्रात छापून आलं आहे. रॉली, तुझ्या तुरुंगातही ते वर्तमानपत्र येतं, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. साहेबांना सांगून वेगळा राहा. लगेच.

मार्लिस


राज्य तुरुंग, दवाखाना
३० जुलै १९९९

मार्लिस,

हे दुसऱ्याकडून लिहून घेतोय. त्याचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे, म्हणून गैरसमज नको.

वर्तमानपत्र तुझ्या पत्राच्या आधी पोहोचलं. पहिले आठ दिवस कुणी बोललं नाही. मग एकदा कपडे धुवायच्या खोलीत मागून बादली आली. उकळतं पाणी, त्यात साखर घातलेली. साखर घातली की पाणी चिकटतं, ओघळत नाही. मान, पाठ आणि डावा कान. मी शर्ट ओढून काढला तर कातडी शर्टाबरोबर आली. मी किती ओरडलो ते मला आठवत नाही. हा लिहिणारा म्हणतो, दुसऱ्या इमारतीत ऐकू आलं.

कुणी केलं ते मला माहीत आहे. तो पाणी ओतताना म्हणाला, "ही नर्सकडून." त्याची बहीण तिच्याबरोबर कामाला होती. साहेबांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, दिसलं नाही. त्यांना वाटतं मी बरा झाल्यावर स्वतः बघून घेणार आहे. पहिल्या आठवड्यात तोच विचार होता. आता तेवढी ताकद नाही, आणि तेवढा रागही सापडत नाही.

पट्ट्या बदलतात तेव्हा एक नर्स असते. मी तिच्या तोंडाकडे बघत नाही.

तू पत्र वाचलंस म्हणून हे झालं, असं मनात आणू नकोस. आणशीलच, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण मी लिहिलं तेव्हा मला माहीत होतं.

आईला भाजल्याचं सांगू नकोस. पडलो म्हणून सांग.

रॉली


केलर बे
१६ ऑगस्ट १९९९

रॉली,

मावशीला सांगितलं, पडलास. ती म्हणाली, "पाठीवर पडला का? मग कान कसा भाजला?" तुरुंगाचं पत्र तिच्याकडे आधीच गेलं होतं. ती रडली नाही. उठून तिने तुझ्या वडिलांचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात उलटा ठेवला.

माझी नोकरी गेली. राजीनामा द्यायला सांगितलं, दिला. ग्रिंडालचं काही बिघडलं नाही. तो गावाबाहेर नवी इमारत बांधतोय, नकाशात पोर्चखाली सहा फवारे आहेत आणि लोकांना सांगत फिरतो की मूळ कल्पना त्याचीच. जोलीन गाव सोडून गेली. कुठे ते मला माहीत नाही, आणि या वेळी खरंच माहीत नाही.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल दुपारी दारावर थाप पडली. ब्रुफ्लाटची बायको, आर्डिस. त्या दिवशी ती बहिणीकडे गेली होती म्हणून वाचली. सुनावणीला ती आली होती, मतदान होताच निघून गेली होती. मी दार उघडलं आणि मला वाटलं, हिच्याही हातात काठी असेल. तिच्या हातात पर्स होती.

"बसा," मी म्हटलं.

"बसायला नाही आले. तुम्ही त्याला भेटायला जाता का?"

"अजून गेले नाही."

"जाल तेव्हा मला न्या."

मी विचारलं, "कशासाठी, आर्डिस?" ती पर्सचा चाप उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "आमचं लग्न होऊन सत्तेचाळीस वर्षं झाली होती. हॅल्वर बोलका माणूस. कुत्र्यांशीसुद्धा बोलायचा, टपाल टाकताना. तो सपाता घालून बाहेर गेला, तिथे तो त्या माणसाला काहीतरी म्हणालाच असेल. काय म्हणाला, ते जगात एकालाच माहीत आहे."

मी तिला सांगितलं की तू कदाचित बोलणार नाहीस. ती म्हणाली, "मला रडायला जायचं नाहीये. माफ करायलाही नाही. मला माझ्या नवऱ्याचं शेवटचं वाक्य हवंय. ते त्याच्याकडे का राहावं?"

मी तुझ्या साहेबांना फोन केला. परवानगी मिळाली आहे. शनिवारी दुपारी एकला आम्ही दोघी येतो. तू दवाखान्यातच असशील तर तिथे येऊ.

तुला आठवत असेल तर आठवतं तसंच सांग. शिवी असेल तर शिवी सांग. तो घाबरलेला असेल तर घाबरला होता म्हण. तिला बरं वाटावं म्हणून एक अक्षरही जोडू नकोस. आणि आठवत नसेल तर तेही तिच्या तोंडाकडे बघून सांग.

मार्लिस